माळ्यावरच्या टाकीचं पाणी

११ फेब्रुवारी

ताई,

पत्र उघडल्याबरोबर तू आधी शेवटची सही बघशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून वरच सांगून टाकते, मीच आहे. फाडायचं असेल तर फाड, पण तिसरा परिच्छेद वाचून मग फाड. त्यात कामाचं आहे.

आई बरी आहे. दर रविवारी तुझा फोन आला की मी भाजी आणायला बाहेर पडते, हे तिनं तुला सांगितलं असेलच. सहा वर्षांत आमच्या घरात रविवारी भाजी नाही, असं एकदाही झालेलं नाही. तुझ्या शाळेचा पत्ता मी तिच्याकडूनच घेतला. "कशाला हवाय?" म्हणाली. "काम आहे," म्हटलं. "कामच असणार," म्हणाली आणि चष्मा शोधायला लागली. चष्मा डोळ्यांवरच होता.

तर काम असं. सरकारनं तीन वर्षांचा एक संयुक्त प्रकल्प मंजूर केलाय. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा आणि तेलाऐवजी तो कारखान्याच्या भट्टीत जाळायचा. धूर नाही, काजळी नाही. आपली प्रयोगशाळा, विद्यापीठ आणि एक काचेच्या बाटल्यांचा कारखाना अशी तिघांची मोट बांधलीय. चाचणी विभाग माझ्याकडे आहे. ताई, निकेलच्या पट्ट्या पुन्हा टेबलावर आल्यात! तुझ्याच पद्धतीच्या, थोड्या जाड. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. जुन्या इमारतीत तू द्रावण करायचीस, ते पाणी कुठलं असायचं?

एका ओळीत कळवलंस तरी पुरे. का विचारतेय ते इतक्यात विचारू नकोस. माझं मलाच अजून धड सांगता येत नाहीये.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण इथे जे चाललंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ज्याला हे कळेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

आमच्याकडे पाण्यातून हायड्रोजन काढणारे दोन सारखे सेल आहेत. एक आपल्या प्रयोगशाळेत, एक कारखान्यात भट्टीच्या मागच्या शेडमध्ये. पट्ट्या एकाच पत्र्यातून कापलेल्या, पाण्यात घालायचं पोटॅश एकाच डब्यातलं, वीज मोजून तेवढीच. आपल्याकडचा सेल दोन तासांत दमतो. व्होल्टेज चढत जातं, म्हणजे तेवढ्याच हायड्रोजनसाठी जास्त वीज खातो. आणि कारखान्यातला? आज नववा दिवस. दमायचं नावच नाही! उलट पहिल्या तासात व्होल्टेज थोडं वर जाऊन सरळ खाली उतरलं आणि तिथेच पाय पसरून बसलंय.

कारखान्याचे फोरमन फार खूश आहेत. तीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, भुवया अर्ध्या जळालेल्या. मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या लेकराला आमच्याकडचं हवापाणी मानवलंय. राहू द्या इथंच."

विद्यापीठाचे प्राध्यापक मात्र खूश नाहीत. आम्ही त्यांना पाठीमागे दशांश सर म्हणतो. घड्याळात किती वाजले हेसुद्धा ते तीन दशांशांपर्यंत सांगतील असं माणूस आहे. ते म्हणाले, "कारखान्याचा मीटर चुकतोय." मी मीटर अदलाबदल केले. फरक नाही. म्हणाले, "पट्टीत खोट असेल." पट्ट्या अदलाबदल केल्या. फरक नाही. कारखान्यातली पट्टी आपल्याकडे आली की मलूल होते, आपली तिकडे गेली की टवटवीत.

मग उरलं काय? पाणी. आपल्याकडे नव्या इमारतीतलं, यंत्रातून चारदा गाळलेलं. त्यांच्याकडे भट्टीच्या बॉयलरमधल्या वाफेचं थंड झालेलं पाणी, जुन्या लोखंडी नळातून येणारं.

आणि ताई, आज सकाळी त्या नऊ दिवसांचा आलेख पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीतून उठले. तो उंचवटा, मग ती घसरण, मग ती सपाट रेघ. गर्दीत एखादं माणूस पाठमोरं दिसलं तरी चालीवरून ओळखू येतं ना, तसा मी तो ओळखला. तो तुझा आलेख होता. खोटा ठरवलेला.

जेवायच्या सुट्टीत मी जुन्या इमारतीत गेले. तिथे आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. पहारेकऱ्याकडून शिडी मागून घेतली आणि माळ्यावर चढले. डिस्टिल्ड पाण्याची टाकी अजून आहे. कोरडी आहे, पण आतलं अस्तर गेलंय आणि बाजू लालभडक गंजल्यात. चाकूनं खरवडून गंज बाटलीत भरून आणलाय. उतरताना बाही टरकली. पहारेकरी म्हणाला, "बाई, काय सोनं सापडलं का?" मी म्हटलं, "बहुतेक."

तू काही लिहू नकोस. मी लिहीत राहते.

धाकटी


९ मार्च

ताई, ताई, ताई!

तुझं कार्ड आलं! "माळ्यावरच्या टाकीचं." तुझं अक्षर बघून मी पोस्टमनला दोनदा धन्यवाद दिले. तो जरा घाबरला.

आता शांतपणे सांगायचा प्रयत्न करते. काल सकाळी अकरा वाजता आम्ही आपल्याच प्रयोगशाळेत, आपल्याच चारदा गाळलेल्या पाण्यानं सेल चालू केला. दशांश सर स्वतः आले होते, स्वतःचा मीटर घेऊन. फोरमनही आले, म्हणाले, आमच्या पाण्यावर आळ आलाय तर सोक्षमोक्ष बघायलाच हवा. तास गेला. सेल नेहमीसारखा दमायला लागला. एक पूर्णांक त्र्याण्णव व्होल्ट.

टाकीतला चिमूटभर गंज मी आदल्या दिवशी आम्लात विरघळवून ठेवला होता. त्याचे मोजून सहा थेंब टाकले. एवढ्या द्रावणात ते किती, तर दहा लाखांत एक भाग लोखंड. पिंपभर पाण्यात बोटाचं टोक बुडवावं तसं.

"काही होणार नाही," दशांश सर म्हणाले. "एक पूर्णांक नऊशे एकतीस."

आम्ही सगळे आकड्याकडे बघत उभे.

"नऊशे चार," सर म्हणाले. मग, "आठशे त्र्याहत्तर." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आठशे बारा. अहो, हे थांबत का नाहीये?"

"थांबवू नका!" फोरमन ओरडले.

एक पूर्णांक सातशे चौदावर ते थांबलं. चाळीस मिनिटांत! इतकी वीज नुसत्या गंजानं वाचते. सर खुर्चीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा पूर्णांकात बोलले, "दोन कप चहा लागेल मला."

फोरमन कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी ज्या गंजाला शिव्या घातल्या, तोच कामाचा निघाला म्हणायचा!"

लोखंड निकेलच्या वरच्या थरात जाऊन बसतं ताई, आणि मग ऑक्सिजन सुटायला वाटच मिळते. तू नेहमी म्हणायचीस ना, पट्टीत काहीतरी आहे जे मला दिसत नाही? पट्टीत नव्हतं. पाण्यात होतं. तू बरोबर होतीस. पहिल्या दिवसापासून बरोबर होतीस.

घरी येऊन आईला मिठी मारली. तिला वाटलं माझं लग्न ठरलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "हे मला कशाला सांगतेस? जिला सांगायचं तिला सांगितलंस का?" म्हणून हे पत्र.

धाकटी


१७ मार्च

ताई,

आज नाचायचं पत्र नाही. गेले आठ दिवस सगळे माझं अभिनंदन करताहेत आणि मी ते घेतेय.

गेल्या पत्रात मी तुझं कार्ड अर्धंच उतरवलं. त्यावर दुसरी ओळ होती. "वहीच्या चौदाव्या पानावर लिहिलेलं आहे. तुला माहीत आहे."

हो. माहीत होतं. पहिल्या पत्रात विचारलं तेव्हाही माहीत होतं. तुझ्या तोंडून आलं तर मला निदान तुला उत्तर देता येईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

जे झालं ते एकदा नीट लिहिते. तुझे आकडे बाहेरच्या दोन ठिकाणी जुळेनात, तेव्हा संचालकांनी मला बोलावलं. म्हणाले, "तू बहीण आहेस, तुझ्यावर ती पक्षपाताचा आरोप करणार नाही. तिच्या वहीप्रमाणे जसंच्या तसं करून बघ." वही माझ्यापुढे होती. चौदाव्या पानावर तुझ्या तिरक्या अक्षरात "पाणी : माळ्यावरची टाकी". आपण तोवर नव्या इमारतीत आलो होतो. जुनीला कुलूप होतं. किल्लीसाठी अर्ज करायचा, दोन सह्या घ्यायच्या, कॅन घेऊन चालत जायचं. मला वाटलं, नव्या यंत्राचं पाणी जास्त शुद्ध आहे, त्यानं झालं तर चांगलंच होईल. कंटाळा केला ताई. दुसरं काही नाही. द्वेष नव्हता, कट नव्हता. कंटाळा.

आणि अहवालात लिहिलं, "सर्व अटी तंतोतंत त्याच ठेवल्या." खाली सही केली.

तुझा निबंध मागे घेतला गेला. तुला कुणी खोटारडी म्हटलं नाही, पण बाई आकडे फुलवतात, असं कँटीनमध्ये बोलायला लागले आणि मी ताटात बघत जेवत राहिले. तू राजीनामा दिलास. सहा महिन्यांनी तुझी जागा मला दिली आणि मी घेतली. तू विचारलं होतंस, घर सोडताना, दारातच, "तू अगदी तसंच केलंस ना गं?" मी "हो" म्हणाले.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

पुढच्या आठवड्यात सरकारी समिती प्रकल्पाची पाहणी करायला येतेय. संचालक म्हणतात, हा शोध संयुक्त प्रकल्पाचा म्हणून मांडायचा. यादीत पहिलं नाव माझं आहे. तुझं नाही.

मी माफी मागत नाहीये. मागायची तर समोर येऊन मागावी, एवढं कळतं. समितीपुढे मी हे सगळं सांगणार आहे, ते तुला आधी कळावं, एवढंच.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

तुझं काहीही आलं नाही. बरोबर आहे. तरी झालेलं सांगते, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकशील तर मीठमसाला लावून ऐकशील.

पाहणीच्या सकाळी संचालकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "जुनं उकरून काय मिळणार आहे?" म्हणाले. "प्रकल्प नुकता उभा राहतोय. तीन संस्था आहेत. तुमच्या घरातलं भांडण त्यात कशाला?"

"भांडण घरातलं असेल, सर. अहवाल इथला आहे," मी म्हटलं.

"तुम्ही बोललात तर तुमची जागा राहील याची हमी मी देऊ शकत नाही."

"मागतही नाहीये."

बोलताना आवाज चांगला निघाला. बाहेर आल्यावर जिन्यात बसून तेच कागद पुन्हा पुन्हा लावत राहिले. फोरमन शेजारी येऊन बसले. काय झालं विचारलं नाही. नुसते म्हणाले, "भट्टी पेटवायच्या आधी मलाही असंच होतं. पेटली की होत नाही."

समितीत पाच जण होते. अध्यक्ष एक वयस्कर बाई, पांढरे केस, हातात पेन्सिल. दशांश सरांनी आलेख दाखवले, सगळे पुढे सरकून बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. मग माझी पाळी आली. मी उभी राहिले, चौदाव्या पानाचा फोटो पडद्यावर लावला, शेजारी माझा अहवाल लावला आणि पाण्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा शोध नवा नाही," मी म्हटलं. "सहा वर्षांपूर्वी याच संस्थेत लागला होता. तो खोटा ठरला, कारण तो तपासताना मी पाणी बदललं आणि बदललं नाही असं लिहिलं."

संचालक खिडकीकडे बघत होते. अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"ज्यांची वही आहे त्या कोण?"

"माझी मोठी बहीण."

"त्या आता कुठे आहेत?"

"एका लहान गावात शाळेत विज्ञान शिकवतात."

"आणि त्यांना हे माहीत आहे?"

"मी पत्रं लिहिते. त्या वाचतात की नाही माहीत नाही."

त्यांनी पडद्यावरचं पान पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं आता झाडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "बसा. पाणी प्या." कुणीतरी हसलं, आणि मग कसं कोण जाणे, सगळेच हसले. मी रडत होते.

निर्णय दुपारी कळला. तुझा निबंध पुन्हा ग्राह्य धरावा असं पत्र समिती स्वतः पाठवणार आहे, कारणासकट, माझ्या नावासकट. चाचणी विभाग माझ्याकडून काढून दशांश सरांकडे दिला. मी मीटरची वाचनं घेणारी म्हणून राहू शकते, राहायचं असेल तर. राहणार आहे. आणि पट्ट्यांच्या विभागाचं प्रमुखपद रिकामं ठेवलंय. संचालक तुला अधिकृत पत्र पाठवतील. मजकूर तीनदा खोडला त्यांनी, पण पाठवतील.

आईला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सहा वर्षं तुम्हा दोघींमध्ये मी दाराची चौकट होऊन बसलेय. कुणीतरी आत या नाहीतर बाहेर जा." आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मला इतकं हलकं वाटलं ना ताई, त्या आवाजानं!

ये, असं मी म्हणणार नाही. पण हे काम तुझं आहे. एवढं मोठं काम तुझ्याशिवाय चाललंय, हे बघवत नाही.

धाकटी


२३ जून

ताई,

तू दोन दारं सोडून बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. हसू नकोस.

तू येऊन सात आठवडे झाले. पहिल्या दिवशी तू विभागात शिरलीस, सगळ्यांना नमस्कार केलास आणि माझ्यापुढे येऊन म्हणालीस, "कालची वाचनं तुम्ही घेतलीत का?"

तुम्ही!

मला पाळण्यात झोके दिलेस, माझ्या नाकावर फुलपाखरू बसलं म्हणून चापट मारलीस, आणि तुम्ही! आईलासुद्धा मी हे सांगितलं नाही. सात आठवडे तू मला "तुम्ही" म्हणालीस, "कृपया" म्हणालीस, माझ्या नोंदींवर लाल शाईनं "पुन्हा करावे" असं लिहिलंस. मी पुन्हा केलं. एकदा एकच वाचन अकरा वेळा करायला लावलंस, आणि अकराव्या वेळी खरंच माझी चूक निघाली. दशांश सर तुला बघून सुखावलेत. म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, मीच जगात एकटा आहे."

तुझी तक्रार नाही. हे मी कमावलेलं आहे. समोर येऊन माफी मागणार म्हटलं होतं, तीही मागितली, दुसऱ्या दिवशी, कपाटाजवळ. तू म्हणालीस, "ऐकलं." आणि बीकर पुसत राहिलीस.

पण आज. आज जे झालं ते झाल्यापासून मला बसवत नाहीये.

तू पट्ट्यांचे बारा जोड लावलेस, तुझ्या हातांनी, मोजून लोखंड घातलेल्या द्रावणात. कारखान्याच्या शेडमध्ये सगळे जमलेले. अध्यक्षबाईही आल्या होत्या. तापलेल्या बाटल्या तडकू नयेत म्हणून हळूहळू थंड करतात ती लहान भट्टी, तेलाचा नळ तोडलेला, हायड्रोजनचा जोडलेला. फोरमननी झडप उघडली. फुस्स आवाज झाला. ठिणगी दिली.

काहीच दिसलं नाही.

ज्वाळा नाही, उजेड नाही. सगळ्यांचे चेहरे पडले. संचालक म्हणाले, "पेटलं नाही का?" मला ठाऊक होतं, हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही म्हणून. पुस्तकात शंभरदा वाचलंय. पण त्या क्षणी डोकं चालेचना. मी तशीच पुढे गेले, बर्नरच्या तोंडाशी वाकून बघायला.

"अगं ए! मागे हो! जळशील, मूर्ख कुठली!"

एवढ्या जोरात तू ओरडलीस की बाहेर ट्रकवाल्यानं ब्रेक लावला. दंड धरून मला मागे खेचलंस. आणि फोरमननी कोपऱ्यातला गवताचा झाडू लांबूनच पुढे धरला. हवेत, कुठेच काही नसताना, झाडूच्या टोकानं भक्कन पेट घेतला!

ताई, तो आवाज! सगळी शेड ओरडत होती. दशांश सर फोरमनना मिठी मारत होते. अध्यक्षबाई पेन्सिल उंच धरून टाळ्या वाजवायच्या प्रयत्नात होत्या. बाटल्यांची पहिली रांग त्या न दिसणाऱ्या आगीतून सरकायला लागली, आणि धुरांड्यातून धूर नाही, नुसती वाफ. आणि तू माझा दंड सोडला नव्हतास. बोटांचे वळ उठलेत, आत्ता लिहिताना दिसताहेत.

मग तुला ते लक्षात आलं. हात सोडलास. पदर, छे, कोटाची बाही सारखी केलीस आणि तोंड उघडलंस. मला वाटलं, आता "कृपया काळजी घ्या" येणार.

"बघत काय उभी राहिलीस?" म्हणालीस. "वाचन घे की!"

घेतलं. तापमान सहाशे बारा. तुझ्याकडे बघत लिहिलं, दोनचा एक झालाय नोंदीत. उद्या लाल शाईनं गोल करशील. कर.

तुझी,
धाकटी